ड्रायव्हर जवाब देऊन नाही राहिला

भाऊजी,

तुमच्याशी मी दोनदा खोटेपणा केला. एकदा बावीस वर्षांची होते तेव्हा, आणि एकदा आता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. पहिल्या वेळी भिंत पडली, दुसऱ्या वेळी पडदा काळा झाला. दोन्ही वेळा मी नको ते दाबलं होतं. भिंतीचं तुम्हाला माहीतच होतं, पण मी ते तोंडानं कधी कबूल केलं नाही. कबूल करायला बावन्न वर्षं मिळाली, ती मला पुरली नाहीत. पडद्याचं तुम्हाला माहीत नाही. ते सांगायला बारा दिवस होते. मी रोज थर्मासमध्ये चहा घेऊन यायचे, तुमच्या उशाशी बसायचे, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या सुनेची यथेच्छ निंदा करायचे आणि न सांगता परत जायचे.

आता तुम्ही मध्येच उठून जाऊ शकत नाही, तेव्हा ऐका.

आपल्या घरात ड्रायव्हर या शब्दाला एकच अर्थ होता. वाडीला, अमरावती रोडवर, मामंजींचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, सहा ट्रक, मागे गोदाम आणि गोदामाच्या मागे आपण सगळे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळचा पहिला शब्द ‘जय भीम’ आणि दुसरा ‘ड्रायव्हर आला का?’ ड्रायव्हर ढाब्यावर झोपला. ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाला गेला तो गेलाच. ड्रायव्हर जवाब देऊन नाही राहिला. ही वाक्यं तुम्ही त्या काळ्या टेलिफोनवर इतकी वर्षं म्हणालात की पोरांनी बोबडं बोलताना ‘आई’च्या आधी ‘डायवर’ म्हटलं.

मग गाड्या विकल्या, ऑफिस गेलं, तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, गेले. खाली तुम्ही आणि शकू नवराबायको, वर मी एकटी. मिहानमध्ये कामाला असलेल्या मिलिंदनं स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाला, आई, आता समोरासमोर बोलत जा. समोरासमोर बोलण्यासाठी तो दर रविवारी जेवायला येतो ते काय होतं, मला कळलं नाही. पण नातू पुण्याला शिकायला जाताना त्या कॉम्प्युटरमध्ये ट्रक चालवायचा एक खेळ विसरून गेला होता, आणि तो मला सापडला.

बहात्तर वर्षांची बाई दार लोटून, आवाज बंद करून ट्रक चालवत बसायची. शेजारणीला वाटायचं, आजी दुपारी वाचन करतात.

आणि एक दिवस, पुलाच्या ऐन मध्यावर, पडदा काळा झाला. पाच सेकंदांनी परत आला आणि कोपऱ्यात इंग्रजीत एक चौकोन उमटला. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. रामटेकच्या शाळेत मी इंग्रजीत पहिली आले होते, आणि सासरी पहिली तीस वर्षं हे मी दिवसातून एकदा सांगत असे. मी चौकोन वाचला, मनात मराठी केलं आणि जिन्यातून ओरडले, “भाऊजी! ड्रायव्हर जवाब देऊन नाही राहिला!”

गाड्या विकून सहा वर्षं झाली होती. तरी तुम्ही आलात. एका पायात चप्पल, खांद्यावर पंचा, हाताला वरण लागलेलं.

“कोणता? कुठी हाय गाडी?”

“टेबलावर.”

तुम्ही टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, मी जेवता जेवता उठून आलो.”

“मग बसा. तोही आत्ताच आला आहे परत.”

तुम्ही चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ओठ हलवत तो चौकोन वाचला. मग तुमचं ते हसणं सुरू झालं, आवाज नाही, नुसतं पोट. “आयुष्यात पयला ड्रायव्हर पाह्यला वहिनी,” तुम्ही म्हणालात, “जो सोताहून सांगून राहिला, का साहेब, मी झोपलो होतो, आता उठलो.”

त्या दिवसापासून तुम्ही रोज दोन वाजता वर यायला लागलात. माझ्या डावीकडे प्लास्टिकची खुर्ची ओढलीत. मी म्हटलं, हे काय? तुम्ही म्हणालात, “गाडीले क्लीनर लागते ना.”

त्या खेळातला देश परका. लोक उलट्या बाजूनं गाड्या हाकतात. पहिले आठ दिवस मी आपल्या देशाच्या कायद्यानं डावीकडून चालवून समोरून येणाऱ्या सगळ्यांना धडकले, आणि तुम्ही प्रत्येक वेळी खिडकीतून हात काढल्यासारखा हात काढून त्यांनाच शिव्या दिल्या. पुढे तुम्ही बर्डीच्या बाजारातून प्लास्टिकचं स्टिअरिंग आणलंत. “जाऊ द्या, जाऊ द्या, मोकळं हाय. थांबा. आता दाबा. जाऊ द्या.” ऑफिसच्या खुर्चीवर बसून ज्यानं पन्नास माणसांना रस्त्यावर नाचवलं, तो माझा क्लीनर झाला. मला त्याचं इतकं सुख वाटायचं की तुम्ही ती खुर्ची का धरलीत, स्टिअरिंग का धरलं नाहीत, हे मी विचारलंच नाही. एकदा वरवर म्हटलं होतं, “या ना, तुम्ही बसा इकडे.” तुम्ही म्हणालात, “मी बरा हाव इथीच.” मीही लगेच बरी झाले.

आता त्या ड्रायव्हरबद्दल. तो वाईट नव्हता, भाऊजी, भरवशाचा नव्हता. अर्धा तास झोकात चालवायचा आणि मग अंधार. कधी झाडं रस्त्यापासून हातभर वर तरंगायची. कधी आभाळ हिरवं. एकदा तर ट्रक गेला आणि नुसती चाकं पळत राहिली, आणि तुम्ही गंभीरपणे म्हणालात, “वजन कमी झालं, मायलेज चांगलं देईन.” दुकानदारानं सांगितलं, ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा आतला प्रोग्राम, तो ज्या कार्डावर चालतो तेच जुनं आहे, नवीन कॉम्प्युटर घ्या. तुम्हाला ते पटलं नाही. तुमचं ड्रायव्हरांचं शास्त्र ठरलेलं होतं. आधी शिवी द्यायची नाही, आधी विचारायचं, जेवला का? मग पाहायचं, झोप झाली का? मग गाडी पाहायची. आणि मग, उरलाच तर, त्याचा दोष.

त्याच क्रमानं तुम्ही त्या डब्याकडे पाहिलंत. रंगाच्या ब्रशानं आतली धूळ काढलीत, अर्धा पाव निघाली. मे महिन्यात पारा चढला तेव्हा म्हणालात, “याले गरम होऊन राहिलं,” आणि माझा कूलर फिरवून त्याच्या तोंडावर लावलात. आपण दोघं घामानं निथळत, आणि कॉम्प्युटर खसाच्या हवेत. मी म्हटलं, “ओली हवा आहे, मरेल तो.” तुम्ही म्हणालात, “मग तुमच्या साडीनं वारा घालू का?” शेवटी टेबलफॅनवर तडजोड झाली, आणि खरं सांगायचं तर त्यानं अंधार निम्मा झाला. हे मी तेव्हा मान्य केलं नव्हतं. आता करते.

तिसऱ्या काळ्या पडद्यानंतर मी गुपचूप लिंबू-मिरची बांधली होती, आठवतं? तुम्ही आलात, पाहिलंत, दार लावून घेतलंत. “वहिनी, आपण पंचशीलवाले लोकं. आमच्या बाबांनी आयुष्यात एका ट्रकले लिंबू बांधू नाही देल्लं. हे कायले?” मी म्हटलं, “ड्रायव्हर परक्या देशाचा आहे, त्याला काय माहीत आपण कोण.” तुम्ही दोरा सोडलात, लिंबू खाली नेऊन सरबत केलंत आणि अर्धा पेला मला वर पाठवलात. मिरच्यांचं काय झालं ते शकूला माहीत.

पण आपलं खरं भांडण नव्या-जुन्याचं होतं. दर महिन्याला तो कॉम्प्युटर विचारायचा, नवीन ड्रायव्हर आला आहे, घेऊ का? आणि दर वेळी मी म्हणायची, घ्या. नवं ते चांगलंच असणार. दोनदा घेतला, दोन्ही वेळा आभाळ हिरवं. मग तुम्ही कुठल्याशा यादीत शिरलात, तीन दुपारी खर्च केल्यात आणि ते बटण शोधून काढलंत, ज्यानं नवा ड्रायव्हर जातो आणि जुना परत येतो. तुमचा चेहरा असा झाला होता की जणू रुसून गेलेला माणूस स्टेशनवरून परत आणला.

“नव्या ड्रायव्हरले रस्ता माहीत नसते, वहिनी. जुना रडते, झोपते, पण घरी आणते.”

“मीही नवी आले होते या घरात. मलाही परत पाठवायचं होतं मग.”

“तुम्हाले तं अजून रस्ता माहीत नाही.”

तुम्ही हे हसत म्हणालात. मीही हसले. पण मला त्या वेळी ती भिंत आठवली, आणि मला वाटतं तुम्हालाही.

त्या मुलीबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, लिहिताना मला लाज वाटत नाही, चीड येते. बावीस वर्षांची, घरात काळा चष्मा लावून फिरणारी, बी.ए.चं पहिलं वर्ष झालेली आणि तेवढ्यावर जग जिंकलेली. आज ती मला रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन. तुम्ही वीस वर्षांचे, मॅट्रिकला दोनदा बसलेले, आणि ती तुम्हाला जेवताना इंग्रजी स्पेलिंग विचारायची. तुम्हाला फक्त ट्रक चालवायचा होता. मोठ्या गाडीच्या लायसन्सची परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि मामंजींनी शब्द दिला होता की पास झालास तर रायपूरच्या रस्त्यावरची नवी गाडी तुझी.

त्या दुपारी मामंजी गावात गेले होते. रिकामा ट्रक अंगणात उभा होता. मी म्हटलं, भाऊजी, मला फक्त बसून पाहायचं आहे.

“बसा. पण कायलेच हात नका लावू.”

मी सगळ्यालाच लावला. एका मासिकात मी मोटार चालवण्यावर लेख वाचला होता, म्हणजे मला येतच होतं. पुढे जायचं म्हणून दांडा ओढला, पाय दाबला, आणि ट्रक मागे गेला. आवाराची कडेची भिंत सबंध आडवी. भिंतीपलीकडे शेजारच्या गोदामाचा चौकीदार आंघोळ करत होता, डोक्याला साबण, हातात मग. धुरळा खाली बसला. त्यानं डोळ्यांवरचा फेस पुसला, ट्रककडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, “और पीछे लेना है क्या?”

तुम्ही हसायला लागलात. मी उडी मारून उतरले. तुम्ही सरकून ब्रेक ओढलात, म्हणजे स्टिअरिंगवर आता तुम्ही. आणि फाटकातून मामंजी आत आले. त्यांना काय दिसलं? पडलेली भिंत, स्टिअरिंगवर पोट धरून हसणारा मुलगा, आणि डोक्यावर पदर घेऊन अंगण झाडणारी आदर्श सून. इतकं मन लावून मी आधी कधी झाडलं नव्हतं, नंतरही नाही.

एक थप्पड बसली. मग मामंजी शांतपणे म्हणाले, “सुध्या, आजपासून गाडीले हात लावायचा नाही. उद्यापासून ऑफिसात बस.”

तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी झाडत राहिले.

तीन रविवार तुम्ही एकट्यानं ती भिंत बांधलीत. मी पाणी आणून दिलं, आणि वर सांगितलं की डावीकडून ओळंबा चुकला आहे. लायसन्सची परीक्षा झाली नाही. रायपूरची गाडी दुसऱ्या कुणी चालवली. तुम्ही खुर्चीवर बसलात ते चाळीस वर्षं बसलात, दुसऱ्यांना रस्ते सांगत. आणि ती भिंत घरात ‘सुध्याची भिंत’ झाली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी ती गोष्ट सांगायचं, सगळे हसायचे, तुम्ही हात जोडून मान लववायचात, आणि मी सगळ्यांना आग्रहानं बुंदी वाढायचे.

आता दुसरा गुन्हा. तुम्हाला श्वास लागला, दवाखान्यात नेलं, त्याच्या चौथ्या दिवशी मी दुपारी दोन वाजता सवयीनं टेबलापाशी बसले. डावीकडची खुर्ची रिकामी. पडद्यावर तो प्रश्न आला, नवीन ड्रायव्हर घेऊ का? आणि भाऊजी, मला तुमचा राग आला. आजारी पडल्याचा राग, दुसरं काय. मला वाटलं, एक तरी गोष्ट तुमच्या मर्जीविरुद्ध करावी, म्हणजे तुम्ही उठून भांडायला याल. मी ‘हो’ दाबलं. तो गरगर फिरला, बंद झाला, सुरू झाला आणि कायमचा काळा. आवाज येत होता, दिवा लागत होता, पडद्यावर काही नाही.

संध्याकाळी तुम्ही नाकातली नळी बाजूला करून विचारलंत, “ड्रायव्हर बरोबर हाय ना?”

नर्सबाईंना वाटलं तुम्ही अॅम्ब्युलन्सबद्दल विचारताय. त्या म्हणाल्या, आजोबा, तुम्हाला कुठं जायचं नाही. मी म्हटलं, “एकदम बरोबर. आज दोन तास चालवली, एकदाही झोपला नाही.”

तुम्ही डोळे मिटलेत. “पाहा,” म्हणालात, “जुना हाय म्हणून.”

हे मी दवाखान्यातून रिक्षानं घरी येताना इतक्या वेळा स्वतःशी पुटपुटले की रिक्षावाल्यानं आरशात पाहून विचारलं, बाई, तब्येत ठीक हाय ना?

तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. भंतेजींचं बोलणं झालं, मग एकेकजण उठून आठवणी सांगू लागला. तुमचा तो जुना ड्रायव्हर गणपत, काठी टेकत आलेला, त्यानं माइक धरला. म्हणाला, सुधाकरभाऊसारखा मालक नाही, कधी शिवी नाही देल्ली. आणि मग, लोकांना थोडं हसवावं म्हणून, भिंतीची गोष्ट सुरू केली. चौकीदाराच्या साबणापर्यंत आला. मांडवात लोक रुमालाआड हसू लागले. शकू खाली बघून बसली होती. नेहमी या ठिकाणी तुम्ही हात जोडायचात. आज तिथं फोटो होता.

मी उभी राहिले. गुडघ्यानं आवाज केला, तो माइकशिवायही ऐकू गेला असेल. मी म्हटलं, “ती भिंत त्यांनी नाही पाडली. मी पाडली. ट्रक मी चालवत होते. ते शेजारी बसले होते आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांचं लायसन्स माझ्यामुळं गेलं.”

बावन्न वर्षांचं ओझं, भाऊजी. मला वाटलं, आता आभाळ कोसळेल.

मिलिंद कानाशी येऊन म्हणाला, “आई, आज तरी गंमत नको ना.”

मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी दुःखातही हसवून राहिल्या. आणि गणपतनं माइक परत तोंडाशी धरला. त्याचे डोळे भरले होते. “पाहा, याले म्हणते मन! दीर गेला तरी त्याचा आळ बाई सोतावर घेऊन राहिल्या.”

बायकांनी मला जवळ घेतलं. एक तर माझ्या पाया पडली. जन्मभर थापा मारल्या त्या सगळ्यांनी मानल्या, आणि एकदा खरं बोलले तर तोही माझाच मोठेपणा झाला. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मी खरंच फोटोकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता जिन्यात चप्पल वाजली. शकू वर आली. ती कधी वर यायची नाही या वेळी, ही आपली दोघांची वेळ म्हणून. दारात उभी राहून म्हणाली, “मले माहीत होतं, बाई. मले लग्नाच्या आठव्या दिवशीच सांगतलं होतं त्यायनं.”

“मग बोलली काहून नाहीस वं कधी?”

“मले वाटलं, तुम्ही बोलसान.”

मग मी तिला दुसरंही सांगितलं. नव्या ड्रायव्हरचं, काळ्या पडद्याचं, दवाखान्यात मारलेल्या थापेचं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “परत आणता येते का त्याले?”

तुम्ही मला शिकवलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. पण शकूनं खालून ऐकलं होतं! कॉम्प्युटर सुरू होता होता तीनदा बटण दाबून बंद करायचा, मग चौथ्यांदा तो घाबरून निळं पान दाखवतो. तुम्ही वरून जे ओरडून सांगायचात ते खाली तिला पाठ झालं होतं. मी बटणं दाबली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला बारीक अक्षरं दिसतात पण इंग्रजी येत नाही. मला इंग्रजी येतं पण अक्षरं दिसत नाहीत. ती एकेक अक्षर त्याच्या रूपावरून सांगायची, “खुर्चीसारखं, मंग गोल, मंग काठी,” आणि मी शब्द जुळवायची. पाऊण तास लागला. ते परत पाठवायचं बटण सापडलं. दाबलं. रामटेकच्या शाळेतलं पहिलं येणं पहिल्यांदा कामी आलं.

पडदा लागला. आपला ट्रक, आपला पूल, आभाळ निळं. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी अंधार, मग कोपऱ्यात तो चौकोन. शकू घाबरली. मी टाळ्या वाजवल्या. तोच होता, भाऊजी. झोपाळू, रडका, तुमचाच.

मग शकू म्हणाली, “मी चालवून पाहू का?” मी उठले आणि पहिल्यांदाच तुमच्या खुर्चीत बसले. तिथून पडदा असा पांढुरका दिसतो की रस्ता कुठला आणि शेत कुठलं, काही कळत नाही. जुना पडदा, बाजूनं पाहिलं की सगळं धुतल्यासारखं. दोन वर्षं तुम्ही तिथून मला ‘जाऊ द्या, मोकळं हाय’ सांगत होतात! तुम्हाला काही म्हणजे काही दिसत नव्हतं! मी कित्येक वेळा त्या भरवशावर गाडी घातली आणि धडकले, आणि तुम्ही समोरच्याला शिव्या दिल्यात.

शकू फार छान चालवते. दोन्ही हात घट्ट, जीभ दाताखाली. मी तिच्याकडे बघत विचारलं, जे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. “शकू, खरं सांग. त्यांना राग होता का माझा? लायसन्सचा?”

तिनं रस्त्यावरून नजर काढली नाही. “होता ना. लय होता. मी लग्न होऊन आली तेव्हाही नीट बोलत नव्हते तुमच्याशी. पुरे चार वर्षं. हो, नाही, ठेवा, नेतो, एवढंच. तुमच्या ध्यानात नाही आलं?”

नाही आलं. भाऊजी, त्या काळ्या चष्म्याच्या बाईला वाटायचं, दीर किती मर्यादेचा. मान वर करून बघत नाही, जास्त शब्द बोलत नाही. मी माहेरी जाऊन आईला सांगायची, असा अदबशीर दीर सगळ्या रामटेकात कुणाला नसेल. चार वर्षं तुम्ही माझ्यावर रागावलात आणि मी त्याला मान समजून मिरवलं.

“मग गेला कधी?” मी विचारलं.

“मी काही विचारलं नाही,” शकू म्हणाली. “एक दिवस जेवायले बसले आन् मले म्हणाले, वहिनीले सांग, वांग्याच्या भाजीत मीठ कमी हाय. मले समजलं, गेला. ज्याच्यावर राग हाय त्याच्या भाजीले कोणी नाव ठेवत नाही, बाई. चुपचाप खाते.”

तो दिवस मला आठवतो. चांगला आठवतो. मी आठ दिवस फुरंगटून बसले होते, की धाकटा दीर माझ्या भाजीला नाव ठेवतो! आठ दिवस तुमच्या ताटात डाव्या बाजूला मिठाचा हा एवढा ढीग वाढला. तुम्ही तो बोटानं बाजूला सारून जेवलात आणि चकार शब्द बोलला नाहीत. तुम्ही मला माफ केलंत आणि मी त्याची शिक्षा तुम्हाला दिली. आणि त्याच्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं तुम्ही माझ्याशी हसत बोललात, भांडलात, माझ्या खोलीत येऊन न दिसणाऱ्या रस्त्यावर मला पुढे जाऊ दिलंत.

आभार कसे मानायचे मला येत नाही. त्या घरात कुणी कुणाचे मानलेच नाहीत. म्हणून जे येतं ते सांगते. भाऊजी, त्या दिवशी भाजीत मीठ कमीच होतं. मी वाढायच्या आधीच चाखली होती.